अंगाला काय लावता?

माझी नणंद जनावरांची डॉक्टर आहे, आणि माणसांशी कसं बोलावं हे तिला कुणी शिकवलेलं नाही. हे मी भावजय म्हणून म्हणत नाही. मी तिच्याच संस्थेत संचालकांची टायपिस्ट आहे आणि तिच्याविरुद्धच्या तक्रारी माझ्याच टेबलावरून पुढे जातात.

तिचं संशोधन जनावरांमधल्या हार्मोनच्या बिघाडांवर. कुणाच्या मांजरीची कातडी कागदासारखी पातळ झालेली, कुणाच्या कुत्र्याचे केस झडून पोट सुटलेलं, असली गिऱ्हाइकं तिच्या वाट्याला येतात. त्यातल्या काहींच्या रक्तात तिला भलतंच दिसलं. हार्मोन भरपूर, पण ते बनवणाऱ्या ग्रंथी थंड पडलेल्या. म्हणजे माल बाहेरून येत होता. त्याचा पिच्छा पुरवत ती माणसांच्या हार्मोनच्या मलमांपर्यंत आणि जेलपर्यंत पोचली. माणूस अंगाला औषध चोळतो आणि लाडकं जनावर तेच अंग चाटत बसतं. तेव्हापासून ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, "तुम्ही अंगाला काय लावता?" लोकांना ते झोंबतं. सहकारी तिला पाठीमागे 'चौकशी खातं' म्हणतात. तिला ठाऊक आहे, पण ती ढिम्म.

मग एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. त्यांचा कुत्रा चांगलाच म्हातारा, लहानपणीच खच्ची केलेला, तरी कुत्रीसारखी आचळं सुजलेली आणि कुशीवरचे केस गेलेले. सोनोग्राफीत काही दिसत नव्हतं. पण आत कुठेतरी हार्मोन सोडणारी गाठ असणारच असं म्हणत शस्त्रक्रिया विभागाने सोमवारी पोट उघडून बघायचं ठरवलं. त्याचं हृदय इतकं कमजोर की भूल दिल्यावर तो पुन्हा डोळे उघडेल याची खात्री कुणीच देईना. नणंदबाईंनी रक्त तपासलं, त्यातही तोच बाहेरचा माल दिसला, आणि बाहेर बाकांवर माणसं दाटीने बसलेली असताना आपला प्रश्न विचारला. बाई ताडकन उठल्या आणि थेट संचालकांकडे गेल्या.

संचालकांनी फर्मान काढलं: शुक्रवारी त्यांची माफी मागायची, नाहीतर संशोधन बंद.

"एकदा चुकलं म्हणून टाका ना, वन्सं," मी घरी म्हणाले. "जीभ झिजणार आहे का?"

"जीभ नाही झिजणार. कुत्रा जाईल," ती म्हणाली आणि जेवायला बसली. अशा माणसापुढे काय बोलणार, कपाळ?

शुक्रवारी संचालकांच्या खोलीत आम्ही चौघंच होतो. मी टिपणाला बसले होते.

"डॉक्टर, दोन शब्दांत आटपा," संचालक म्हणाले.

"लोकांदेखत विचारलं, त्याची माफी मागते," ती बाईंकडे बघत म्हणाली. "प्रश्नाची मागणार नाही. आता दार बंद आहे, म्हणून परत विचारते. तुम्ही अंगाला काय लावता?"

"अहो, माणसांच्या अंगाशी तुमचा काय संबंध?" संचालक वैतागले.

"कुत्रा यांच्या अंगाला चिकटून राहतो, साहेब. तेवढा संबंध. संशोधन बंद करायचं तर खुशाल करा, मी फाटकाबाहेर उभी राहून विचारीन. पण सोमवारी तो फुकट मरेल, आणि ते मी गप्प बसून बघणार नाही."

एरवी मला तिचा राग आला असता. त्या दिवशी अभिमान वाटला, आणि मी तो लपवलाही नाही.

मुख्याध्यापिका बाई, जन्मभर दुसऱ्यांना उत्तरं द्यायला लावलेल्या. शेवटी त्यांनी बाहीचं बटण काढलं.

"जेल," त्या म्हणाल्या. "पाळी थांबल्यापासून लावते. झोपताना, इथे, हाताच्या आतल्या बाजूला." मग आवाज उतरला. "हे गेल्यापासून तो याच हातावर तोंड ठेवून झोपतो. म्हणजे मीच त्याला..."

"तुम्ही नाही, जेल," नणंद म्हणाली. मी तिला इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आजपासून मांडीला लावा, हात स्वच्छ धुवा, वर पायजमा घाला. हात त्याचा त्याला राहू दे. काही आठवड्यांत सूज उतरायला लागेल. नाही उतरली तर माझी चूक झाली, असं इथेच येऊन सर्वांसमोर सांगा."

बाईंनी बटण लावलं. "सोमवारी आम्ही येणार नाही," त्या संचालकांना म्हणाल्या, वर्गाला सुट्टी जाहीर करावी तशा, आणि निघून गेल्या.

संचालकांनी घसा साफ केला. "डॉक्टरांनी माफी मागितली, असं लिहा," ते मला म्हणाले.

"अर्धी मागितली," मी म्हणाले, आणि तसंच लिहिलं.