फुलकाकांचा गुलाब

फुलकाका हे नाव लोकांनी गमतीने ठेवलं आणि काकांनी ते दुसऱ्याच दिवशी दारावरच्या पाटीवर चढवलं. कागदाची फुलं घरात नक्की कोण करतं, हे पाटीवर नव्हतं. पाकळ्या काकू कापायच्या, अंगठ्यांनी ताणून खोलगट करायच्या, तारेवर एकेक बसवायच्या. शेवटी काका देठाला हिरवी पट्टी गुंडाळायचे, फूल लांब धरायचे, डोळे बारीक करून म्हणायचे, "जमलं!" जणू बाळंतपण त्यांचंच झालं होतं.

काकूंना या माणसाचा राग येऊन येऊन आता नुसती कीव उरली होती, आणि तीही त्या जपून वापरायच्या. गिऱ्हाईक आलं की काका मधल्या खोलीला स्टुडिओ म्हणत, काकूंना "ही असते आमच्या मदतीला" म्हणत आणि वर चहा मागत. मदतीला! याला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नव्हतं.

एका महिला मंडळाने काकांना फुलं करून दाखवायला बोलावलं. काका हरभऱ्याच्या झाडावर चढले.

"अहो, तिथे पाकळी कापावी लागेल," काकू म्हणाल्या.

"त्यात काय एवढं? इतकी वर्षं बघतोय की!"

"बघताय खरं."

तरी काकू पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. चारचौघींसमोर हा एकदा तरी म्हणेल, पाकळ्या माझी बायको करते. त्यांना तेवढंच हवं होतं. आशा करायची खोड काही गेली नव्हती.

काका आधी कला आणि तपश्चर्या यांवर भरपूर बोलले. मग त्यांनी कात्री चालवली आणि काकूंनी कपाळाला हात लावला. क्रेपच्या कागदावर बारीक चुण्या असतात. त्या पाकळीत उभ्या आल्या तरच ती रुंदीत ताणली जाते, तिला खोलगटपणा येतो. काकांनी कागद आडवा धरून कापला होता. अंगठे लावताच पाकळी जिभेसारखी लांब लोंबली. दुसरी फाटली. तरी रेटून त्यांनी तारेवर काहीतरी बांधलं.

"हल्ली कागदच भिकार येतो," काका म्हणाले. बायकांनी माना डोलावल्या. एकीने तर ते लिहूनही घेतलं. काकूंना त्या सगळ्यांचीच शिसारी आली.

काकांना घाम फुटला. "अगं, जरा ये ना वर. ही आमची मदतनीस, बरं का!"

काकू उठल्या, वर गेल्या. त्यांनी कागदाला हात लावला नाही. ते लोंबतं ध्यान उचललं, लांब धरलं, डोळे बारीक केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "जमलं!"

मग आपली कात्री पिशवीत टाकून त्या घरी निघाल्या. काकांच्या हातात हिरवी पट्टी तेवढी राहिली, आणि समोर अजून तासभर कार्यक्रम बाकी होता.