ऐकला तसाच निरोप

दुष्काळाच्या साली मी तुळजापुरात टेलिफोन ऑपरेटर होतो. आसपासच्या गावांत फोन एकच, तोही बहुधा सोसायटीच्या कचेरीत. सचिवानं निरोप ऐकायचा आणि ज्याचा त्याला पोचवायचा. एकदा चाऱ्याची गाडी मंगळवारी येणार असा निरोप गेला. लोकांना बरं वाटावं म्हणून एका सचिवानं ‘उद्याच येतीय’ असं सांगून टाकलं. माणसं जनावरं घेऊन दिवसभर उन्हात फाट्यावर बसली.

त्यावर मी सूचनापत्रक लिहिलं. असली कामं मला आवडतात. हँडल कसं फिरवावं, लाईन खरखरली तर काय करावं, सगळं साध्या भाषेत, एकेका ओळीत. कार्बन घालून प्रती काढल्या. त्यातली सातवी सूचना: निरोप ऐकला तसाच सांगावा, पदरचं काही घालू नये.

बेंबळीचा सचिव ते वाचून हसला.

“आन् कुणी मेलं तर? तसंच सांगायचं?”

“तसंच.”

“अवो, माणूस रस्त्यातच कोसळंल की!”

त्याचं खोटं नव्हतं. आमच्याकडं मरण कुणी फोनवर सांगत नाही. आजारी आहे, निघून या, एवढंच कळवतात. ऐकणारा काय ते समजतो आणि निघतो.

माझी आई बेंबळीतच, थोरल्या भावाकडं असायची. एका सकाळी त्या सचिवाचा फोन आला. “आई लई आजारी हायत. निघून या म्हणत्यात थोरले.”

मी पुढं काही विचारलं नाही. विचारत नसतात. बोर्डावरच्या जोडीदारानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “अणदूरच्या बहिणीला घेऊनच जा. लेकीचं तोंड बघितल्याबिगर उचलायचे न्हाईत.” मी कपट्यावर कामं लिहिली: रजा, अणदूर, साडी, बेंबळी.

अणदूर उलट्या दिशेला. बहीण रोजगार हमीच्या कामावर होती. मला बघताच तिनं डोक्यावरची पाटी तिथंच टाकली. मला बोलावंच लागलं नाही. दुकानात साडी घेताना ती म्हणाली, “बारीक काठाची बघ. आईला तसलीच आवडायची.”

बेंबळीला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. भाऊ दारात बसला होता.

“आत्ता येताय व्हय? सकाळपासून दाराकडं बघत होती. पाणी पाजलं तर म्हणाली, पोरं आली का. आत्ता, घटकाभरापूर्वी गेली.”

बहिणीच्या काखेत साडीचं पुडकं होतं. भावानं ते बघितलं, मग आमच्याकडं बघितलं.

सचिव अंगणात उभा होता. “म्या आपलं तुमच्या कागदापरमानं... आजारी म्हणले, आजारी सांगितलं.”

“बरोबर केलंत,” मी म्हणालो.

आईला तीच साडी नेसवली.

दहावा उरकून कामावर आलो आणि पत्रक नव्यानं लिहायला घेतलं. सातव्या सूचनेखाली एक ओळ वाढवली: माणूस आजारी असेल, तर ‘अजून जिवंत आहे’ हे आधी सांगावं.

जोडीदारानं मागून वाचलं. “हे कशाला? लोकांना कळतंच की.”

त्याला मी काही सांगितलं नव्हतं. कार्बन सरळ केला आणि पहिल्या प्रतीवर बेंबळीचं नाव घातलं.