रिठ्याची बरणी

जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरला मागे एक गॅलरी आहे, आणि तिथल्या फळीवर सासूबाई लोणची मुरवतात. एका उन्हाळ्यात मी त्याच फळीवर कोळशाच्या तीन बरण्या ठेवल्या आणि सगळी भानगड तिथून सुरू झाली.

मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मुली शाळेत जायला लागल्यावर कुठे पीएच.डी.ला नाव घातलं. काम असं होतं: कोळशाचं बारीक पीठ पाण्यात इतकं दाट कालवायचं की ते तेलासारखं नळातून वाहावं आणि भट्टीत जळावं. कोळसा भरपूर, पाणी जेमतेम. पण पाण्याचं आणि कोळशाचं जमत नाही. गुठळ्या होतात, आणि काही दिवस ठेवलं तर तळाला जो साका बसतो तो छिन्नी लावल्याशिवाय निघत नाही. म्हणून कण सुटे ठेवणारं एक रसायन त्यात घालतात. ते कारखान्यात बनतं, बाजारात मिळतं. मला मात्र वेगळाच किडा चावला होता. रिठ्याने केसांतलं तेल सुटतं, कारण त्यातल्या द्रव्याचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं तेलाकडे. कोळसाही तेलाच्याच गोतातला. मग रिठा त्याला पाण्यात का नांदवणार नाही?

पहिला प्रयोग घरच्या मिक्सरमध्ये केला. झाकण उघडलं तर काळा फेस ओट्यावरून थेट फरशीवर. यजमानांची फॅक्टरीची बस निघायची वेळ, ते पाय वर उचलून डबा शोधताहेत, आणि सासूबाई दारात उभ्या.

"कोळसा धुऊन राह्यली का तू?" त्यांनी विचारलं.

तेव्हापासून मी पळीने हळूहळू ढवळायला शिकले.

नागपूरच्या माझ्या मार्गदर्शक सरांना रिठा पसंत नव्हता. त्यांनी अट घातली: ऐन उन्हाळ्यात बरणी महिनाभर ठेवा. मग वरून काचेची कांडी सोडा. ती आपल्या वजनाने तळाला पोचली तर रिठा, नाहीतर बाजारचं रसायन घ्या आणि मोकळ्या व्हा. कॉलेजची लॅब सुट्टीत बंद असते. म्हणून घरच्या काचेच्या तीन बरण्या घेतल्या. एकीत नुसतं पाणी नि कोळसा, दुसरीत बाजारचं रसायन, तिसरीत रिठ्याचं पाणी.

महिना सरत आला तेव्हा मी हरखून गेले. पहिल्या बरणीत दगड झाला होता, दुसरीत थोडा साका होता, आणि रिठ्याच्या बरणीत काहीच बसलेलं नव्हतं. बाजारच्या रसायनालाही मागे टाकलं होतं. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "इतकं सोपं असतं तर आतापर्यंत कोणीतरी केलंच असतं. तरी घेऊन या."

सुट्टीतही पेपर तपासायला मला रोज कॉलेजात जावं लागायचं. दुसऱ्या दिवशी ते काम लवकर आटोपलं म्हणून दुपारीच घरी आले. गॅलरीत सासूबाई रिठ्याची बरणी दोन्ही हातांत धरून, लोणच्याची फिरवतात तशी, निवांत फिरवत होत्या.

"आई, हे काय करून राहिल्या तुमी?"

"हालवून राह्यलो. वर पांढरा बुरा धरला होता बाई. तू कॉलेजात गेली का रोज हालवून देतो. बाकीच्या दोनले बुरा येत नाही, मंग त्यायले कायले हात लावू?"

माझा स्वभाव तापट. तोंडाला येईल ते बोलले. या घरात माझी एक वस्तू नीट राहत नाही, इथपर्यंत गेले. सासूबाईंनी बरणी फळीवर ठेवली.

"बरणी लोणच्याची, फळी लोणच्याची. मले काय माईत?"

त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. रोज हलवल्यामुळेच साका बसला नव्हता, हे सरांना खरं ते सांगितलं. त्यांनी पुन्हा एक महिना दिला, शेवटचा. मी नव्याने तिन्ही बरण्या भरल्या आणि बुरशी येऊ नये म्हणून सरबतात घालतात ते बेंझोएट तिन्हींत घातलं. सासूबाई गॅलरीत जायच्या त्या हात पदरात गुंडाळूनच. लोणचं हवं असलं तर नातीला पाठवायच्या. माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. मला वाईट वाटत होतं, पण माफी मागायला जीभ उचलत नव्हती.

महिना झाला. रिठ्याच्या बरणीत वर बोटभर स्वच्छ पाणी दिसत होतं. म्हणजे साका बसला होता. सासूबाई उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. पहिल्या बरणीत कांडी सोडली, ती मध्येच अडली. दुसरीत तळाला गेली. तिसरीत सोडली. पाण्यातून उतरली, काळ्यात टेकली आणि थांबली. मी बघत राहिले. मग ती हळूहळू खाली जायला लागली आणि तळाच्या काचेवर टक् वाजलं.

माझे डोळे भरून आले.

"आता हालवू का?" सासूबाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"हालवा, आई. तेव्हा मी बोलायला नको होतं."

त्यांनी पदरातून हात काढले, कांडी माझ्याकडे दिली आणि बरणी एकदा या कुशीवरून त्या कुशीवर केली. तळाचा साका पातळ वरणासारखा वाहून आला. तळ स्वच्छ दिसला. मी लगेच सरांना फोन लावला.

"साका बसतो, सर," मी म्हणाले, "पण आमच्या आईंनी एकदा हलवला की उठतो."