शेजारच्या सीटवरचा पाय

हिंजवडीत आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी गाड्या घेतल्या, तेव्हा मीही घेतली. चालवता येणं ही पुढची बाब होती. घाट शिकवायला एक म्हातारे ट्रकड्रायव्हर मिळाले. ते मला बूट काढायला लावून कात्रजच्या घाटात नेत.

"पंजा ब्रेकवर ठेवा, त्याच पायाच्या टाचेनं ॲक्सिलरेटरला हलकेच टोचा आणि दुसरा गिअर टाका. पाय आहे साहेब, खांब नाही."

शेजारी बसल्या बसल्या प्रत्येक उताराला त्यांचा स्वतःचा उजवा पाय खालच्या मॅटवर करकचून दाबलेला असे. एकदा मी हसून म्हणालो, "अहो काका, तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये."

"त्या दिवशी माझ्या बाजूलाही उरला नव्हता," ते म्हणाले. "ह्याच उतारावर डिझेल वाचवायला मी ट्रक न्यूट्रलमध्ये सोडला. ब्रेक तापून गेले. बायको क्लीनरच्या जागी बसली होती. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण शेवटपर्यंत असाच पाय दाबून बसली होती."

मी दुसरा गिअर टाकला. मागचे घाईतले लोक हॉर्न वाजवत राहिले. घाट संपून सपाट रस्ता लागला, तरी काकांनी पाय उचलला नव्हता.