वर म्हणजे कुठे?

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला माझं बाकी सगळं माहीत आहे. दहावीला दोनदा आपटलो ते, टॅक्सी पहिल्याच आठवड्यात खांबावर घातली ते. पण हे नाही. का नाही? लाज वाटते म्हणून, दुसरं काय!

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. नवीन पनवेलात इमारती उठत होत्या, उरणकडे बंदर झालं होतं आणि ज्याला त्याला टॅक्सी चालवायची होती. पण बॅज पाहिजे, आणि बॅजसाठी परीक्षा. आमच्या वेळच्या साहेबाने तिच्यात नकाशा घुसवला होता — कोरा कागद हातात द्यायचा, मधोमध पनवेल मांडायचं आणि भोवतालची गावं, रस्ते मनाने काढायचे. मी चोवीस वर्षांचा. नकाशांचं लहानपणापासून वेड, पण गाडी घेऊन पनवेलबाहेर फारसा गेलेलो नव्हतो.

हिराजीदादाचं नेमकं उलटं. तो उरणजवळच्या मोरा बंदरातला, चाळिशीतला, चौथी शिकलेला. धक्क्यावरून मासळीचा टेम्पो भरून पनवेलच्या बाजारात आणायचा. टेम्पो चुलत्याचा होता आणि चुलत्याने तो विकायला काढला होता. म्हणजे बॅज मिळाला तर दादा ड्रायव्हर राहणार, नाहीतर स्टिअरिंग सुटलं. पण बॉनेटवर नकाशा पसरला की गडी गारद. "मधू, ह्यान् रस्ता कुठं हाय रं? नुसत्या शिरा दिसतान्."

मग आमचं ठरलं. त्याने मला रस्ते दाखवायचे, मी त्याला नकाशा शिकवायचा. त्याने त्याचं काम चोख केलं, हे आधीच सांगून ठेवतो. दोन महिने मी त्याच्या शेजारी बसून हिंडलो. कुठली मोरी पावसात बुडते, कुठल्या वळणावर बैलगाड्या आडव्या येतात — एकदा सांगितलेलं तो दुसऱ्यांदाही तेवढ्याच हौसेने सांगायचा.

आणि माझं काम? तेही नीट चाललं होतं की. फक्त एक गंमत मला कळत नव्हती. मी नकाशा पसरला की दादा तो कोपराने हळूच फिरवायचा. मी सरळ करायचो, तो पुन्हा फिरवायचा. अक्षरं आडवी व्हायची, पण तो अक्षरं वाचतच नव्हता, वळणं ओळखत होता. मला वाटायचं, उन्हामुळे करत असेल. मग एकदा त्याने बोट ठेवलं — "ह्यो वरती सुकापूर, माथेरानचा डोंगर. आन् खाली आमचं उरण."

अरेच्चा! माझ्या अंगावर काटा आला, आनंदाने. त्याचं 'वर' म्हणजे पूर्वेचा घाट आणि 'खाली' म्हणजे पश्चिमेची खाडी. पाणी उतरतं तसा त्याचा नकाशा उतरत होता. आणि छापील कागदावर वर म्हणजे उत्तर! चाळीस वर्षं या माणसाच्या डोक्यात अख्खा तालुका पाव फेरा फिरवून ठेवलेला होता, आणि त्यात एकही गाव चुकलेलं नव्हतं. तुम्हीच सांगा, किती नवल आहे हे!

एक वाक्य पुरलं असतं. "दादा, कागदावर वर म्हणजे उत्तर." झालं. मी ते बोललो नाही.

का? तेव्हा स्वतःला सांगितलं — बघू तरी, परीक्षेत काय होतं ते. खरंच उत्सुकता होती हो, खोटं नाही सांगत. पण तेवढीच होती का? त्याच्या आदल्या आठवड्यात मोऱ्याच्या धक्क्यावर माझा रस्ता चुकला, तेव्हा दादा लाँचवाल्यांसमोर खो-खो हसला होता. "याला नकाशा द्या रं, घरी पोचंल." सगळे हसले. मीही हसलो. ते कुठेतरी खुपत होतं, हे आज कबूल करतो.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दादा धुतलेला शर्ट घालून आला. दारातच माझा हात धरून म्हणाला, "मधू, सांगाचं काय रायलं नाय ना?"

आणि मी म्हणालो, "नाही दादा. सगळं झालंय."

बायकोला न सांगितलेलं ते हेच. गप्प बसणं वेगळं, पण त्याने विचारलं होतं — आणि मी तोंडावर खोटं बोललो.

माझ्या कागदावर नऊ गावं होती, रस्ते ठीकठाक. पास. दादाचा कागद मी साहेबाच्या टेबलावर पाहिला. काय कागद होता! वाड्या, मोऱ्या, विहिरी, मिठागरांच्या कडेच्या पायवाटासुद्धा. वर सुकापूर, खाली उरण, उजवीकडे पेण, डावीकडे कळंबोली. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा काढून विचारलं, "अहो, इतकी वर्षं गाडी चालवता आणि उरण दक्षिणेला? पेण पूर्वेला?" दादा कागदावर बोट ठेवून वळणं पुन्हा तपासू लागला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तो कागद नुसता फिरवायचा होता, बोलायचीही गरज नव्हती. पण फिरवला असता तर हे मला आधीपासून माहीत होतं, हेही उघडं पडलं असतं. मी हात खिशात घातले.

दादा पुन्हा परीक्षेला बसला नाही. मी एकदा म्हटलं, बस की. तर म्हणाला, "नाय रं. मना वाटलं व्हतं, मना रस्ता म्हाईत हाय." टेम्पो विकला गेला. तो द्रोणागिरीकडे गोदामात पोती उचलायला लागला.

चार-पाच वर्षांनी एका दुपारी तो मला रस्त्यात दिसला. टॅक्सीत घेतलं. गोदामांच्या बाजूला नवे रस्ते झाले होते, फाट्यावर मी गोंधळलो आणि डावीकडे वळलो. बराच वेळ गेलो, गोदाम येईना. शेवटी समोर खाडीचा बांध लागला, रस्ता संपला. मी विचारलं, "दादा, चुकलो का रे?"

"हां, उजवीकडं व्हतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू वळलास ना," तो म्हणाला, अगदी सरळ मनाने. "मना वाटलं, माझंच चुकत असंल."