पिवळी झाक

फोटोच्या स्लाइडवर कसली झाक आली की आधी पांढरं काय आहे ते बघायचं. पांढरंही पिवळं पडलं असेल तर दोष फिल्मचा. हे मी मद्रासजवळच्या गिंडीच्या आमच्या कारखान्यात निम्म्या लोकांना शिकवलं होतं. मोठा शहाणा ना मी!

नाशिकहून नोकरीसाठी मद्रासला आलो, लग्न करून बायकोला इकडे आणलं. फोटोंचं वेड आधीपासूनचं. फिल्म मुदत संपलेली घ्यायचो, स्वस्त पडायची. इथल्या उकाड्यात ती आणखी बिघडायची आणि बऱ्याचदा सगळंच पिवळट यायचं.

एका उन्हाळ्यात समुद्रावर बायकोचे फोटो काढले. आठवड्याने एग्मोरच्या स्टुडिओतून रीळ धुऊन आलं. संध्याकाळी भिंतीवर चादर लावून मी स्लाइड दाखवायला बसलो. आमची दोन वर्षांची मुलगी बायकोच्या मांडीवर झोपली होती.

"अगं बाई! किती पिवळी दिसतेय मी," बायको म्हणाली.

"फिल्म जुनी आहे."

"अहो, पण गजरा पांढरा आहे की."

"तुला काय कळतं त्यातलं?" मी खेकसलो आणि पुढची स्लाइड सरकवली.

गेले पंधरा दिवस तिला जेवण जात नव्हतं, सारखी पडून असायची. ते मी उकाड्यावर ढकललं. शेजारणींचं बघून ती तोंडाला हळद लावायची, म्हणून रंगाचंही काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर कॅमेरा हातात नसला की मी तिच्याकडे बघतच नव्हतो.

आठ दिवसांनी ती असंबद्ध बडबडायला लागली. इस्पितळात डॉक्टरांनी तिची पापणी उचलून मला विचारलं, "हे दिसलं नाही तुम्हाला?" कावीळ होती. चौथ्या दिवशी ती गेली.

आई एकाएकी गेली, असंच मी मुलीला सांगत आलो. कॉलेजात गेल्यावर तिने एकदा स्लाइडचा डबा काढला. इतक्या वर्षांत निळे-पिवळे रंग विटून गेले होते, गुलाबी तेवढा उरला होता.

"बाबा, आईचे गाल बघा ना! ठणठणीत होती की."

मी घाईघाईने गजरा शोधला. तोही गुलाबी झाला होता.

"ही झाक आहे गं," मी म्हणालो. "फिल्म जुनी झाली."

"मग तेव्हा कशी दिसत होती?"

"पिवळी," मी म्हणालो. "तिने सांगितलं होतं मला."