उंबऱ्याबाहेरचा पहिला वडा

चवळी भिजवून चोळली की सालं पाण्यावर तरंगतात आणि एक कच्चा, हिरवट वास येतो. आज तो आला आणि नव्वदच्या दशकातला, नेरुळच्या आमच्या जुन्या घरातला एक रविवार आठवला.

नवरा न्हावा शेवा बंदरात मालाच्या क्लिअरिंगच्या कामात होता. तिथे अडकलेल्या एका जहाजाच्या ब्राझिलियन खानसाम्याला त्याने जेवायला आणलं. हा बाबा मात्र लाल पामतेलाची बाटली आणि भिजवलेली चवळी घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरला आणि ती सोलायला बसला.

"चवळी कोन सोलतं? येडा हाय काय?" म्हणत सासूबाईही त्याच्या शेजारी सोलायला बसल्या.

तळणाच्या वासाने घर भरलं. पहिला वडा त्याने दाराबाहेर ठेवला. विसरला असेल म्हणून मी तो उचलून आत आणला. त्याने घाईने मान हलवली.

नवऱ्याने विचारून सांगितलं, "याच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून नेलं होतं. पहिला वडा रस्त्यावरच्या देवाला, ही त्यांची रीत."

"कुत्रं खाईल," मी हसले.

सासूबाईंनी वडा माझ्या हातातून घेतला आणि परत बाहेर ठेवला. "गावात वाड्यावरचे लोक आमच्यासाठी दाराभायेर शिळं ठेवायचे. ह्यो पयला ठेवतोय, गरम."

तेव्हा मला वाटलं, पाहुण्याचं मन राखतायत.

आज पहिला वडा घेऊन मी दाराशी गेले. जिन्यात कुणी नव्हतं. तरी दोन्ही हातांनी ठेवला.